‘वकीलसाहेब, हे जरा पाहून दे ना’: विधीच्या पहिल्या वर्षात वकील म्हणून घडताना

विधी महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याची बातमी मोहल्ल्यात फिरायला एक संध्याकाळ पुरते. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका भाडेकराराचा कागद घेऊन दारात उभे: “काय वकीलसाहेब, हे जरा पाहून दे ना.” तुमची अजून पुस्तकंही घेऊन झालेली नसतात.

माझ्या बाबतीत हे नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात घडलं. दिवाणी दावा हरलेल्या एका काकांनी विचारलं, “अपिलाला किती दिवस असतात रे?” वर्गात कुठंतरी कानावर पडलेलं मी ठोकून दिलं: नव्वद. नव्वद दिवस असतात ते उच्च न्यायालयातल्या अपिलाला. जिल्हा न्यायालयात अपील करायचं तर तीसच. काका निवांत पन्नासाव्या दिवशी वकिलाकडे गेले. विलंब माफीचा अर्ज करावा लागला, खर्च वाढला, पेशी वाढल्या. अर्ज मंजूर झाला हे त्यांचं नशीब. मला ते एका शब्दानंही बोलले नाहीत, पण त्यानंतर मला कधी ‘वकीलसाहेब’ अशी हाकही मारली नाही.

आज मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि आठवड्यातून दोनदा पहिल्या वर्षाला शिकवतो. दरवर्षी नव्या मुलामुलींना एकच गोष्ट सांगतो: सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, पाच किंवा तीन वर्षांनी मिळेल, पण लोक तुम्हाला वकील आजपासूनच समजतात. म्हणून वकिलाच्या सवयी आजपासूनच लावून घ्या. अमेरिकेत तिथल्या बार असोसिएशननं २०२२ मध्ये विधी महाविद्यालयांच्या मानकांतच हे घातलं की वकील असणं म्हणजे काय, अशिलाशी आणि समाजाशी त्याची बांधिलकी काय, हे विद्यार्थ्याला उमगावं यासाठी महाविद्यालयानं संधी द्यायला हव्यात. आपल्याकडे हा विषय ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ या नावाच्या पेपरात आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षांत येतो. तोवर सवयी पक्क्या झालेल्या असतात. तेव्हा पुढचं सगळं स्वतःचं स्वतःच करायचं आहे.

पहिली पायरी: ‘पाहून सांगतो’ म्हणायला शिका

कोणी कागद घेऊन आलं तर तीन वाक्यं तोंडात तयार ठेवा. “मी अजून वकील नाही.” “कायदा काय म्हणतो ते पाहून सांगतो.” “पण मुदतीचा प्रश्न असेल तर माझ्यासाठी थांबू नका, आजच वकिलाला दाखवा.” यात तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. हक्क असूनही मुदत गेल्यामुळे हरलेली माणसं मी खूप पाहिली आहेत.

हे नुसतं सौजन्य नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४५ नुसार हक्क नसताना न्यायालयात वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. काकांच्या कागदावर नजर टाकली म्हणून कुणी तुरुंगात जात नाही, हे खरं. पण ‘मी पाहतो तुमची केस’ म्हणत पैसे घ्यायचे आणि ओळखीच्या वकिलाला पुढं करायचं, हा उद्योग काही विद्यार्थी दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करतात. त्या वाटेला जाऊ नका.

उपयोगी पडायचंच असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ पाठ करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले लोक, यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे धरमपेठेतल्या बंगल्यातल्या बाईलाही तो हक्क आहे. मी हे वर्गात सांगतो तेव्हा निम्मा वर्ग चकित होतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे माणसाला स्वतः घेऊन जा, किंवा १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक द्या. एखाद्या मोलकरणीला तिथवर पोचवणं हे तुमचं पहिलं खरं काम ठरू शकतं.

दुसरी पायरी: एक वही

साधी शंभर पानी. आठवड्यातून एकदा एक पान लिहायचं, मराठीत. या आठवड्यात कोणता वकील, न्यायाधीश किंवा शिक्षक पाहिला, त्यानं काय केलं, मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं. पक्षकारांची नावं लिहायची नाहीत. ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. वही कुणाला दाखवायची नाही. मोबाइलमध्ये लिहू नका असं मी सांगतो, कारण मोबाइलमधलं कधी ना कधी कुणाच्या तरी हाती लागतं. बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलीचे आणि विधी शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या परिषदेच्या, अभ्यासक्रमातही पुढं इंटर्नशिपच्या डायरीला गुण आहेत. पण ती डायरी परीक्षकासाठी असते आणि म्हणून बहुतेकदा खोटी असते. ही वही तुमची.

तिसरी पायरी: न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. पहिल्या वर्षात किमान दहा दिवस, हा माझा आकडा आहे, कुठल्या नियमातला नाही. अभ्यासक्रमात नंतर एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहून त्याची नोंद करायची असतेच. पण ते गुणांसाठी केलेलं पाहणं आणि हे पाहणं यांत फरक पडतो.

सुरुवात सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयातून करा. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची इमारत देखणी आहे. दिल्लीच्या बांधकामात काम केलेल्या हेन्री मेड या वास्तुकारानं तिचा आराखडा केला आणि ती १९४० मध्ये खुली झाली. ती पाहायला जरूर जा. पण तिथं पक्षकार फारसा दिसत नाही, कागद आणि वकीलच दिसतात. माणूस दिसतो तो खाली, जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात.

आदल्या रात्री ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर दुसऱ्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, पाहा. दिवाणी न्यायालयातलं एक प्रकरण निवडा, ‘पुरावा’ या टप्प्यावर असलेलं, म्हणजे उलटतपास ऐकायला मिळण्याची शक्यता. त्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, वहीत उतरवून घ्या. महाराष्ट्रातल्या प्रकरणांचा तो ‘एमएच’नं सुरू होतो आणि सोळा अक्षर-अंकांचा असतो. हे प्रकरण आता वर्षभर तुमचं.

सकाळी साडेदहाला पोचा. फोन बंद, नुसता सायलेंट नाही. पुढच्या खुर्च्या वकिलांच्या. तिथं बसायचं नाही. न्यायाधीश आले की उभं राहायचं, आत-बाहेर करताना किंचित मान झुकवायची. कुणी वकील विचारेलच, “काय रे, कोणाचा ज्युनिअर तू?” सरळ सांगा, “कोणाचा नाही सर, फर्स्ट इयरला आहे, पाहायला आलो.” नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, “बस मग मागं.” उरलेल्या वेळा कुणीतरी चहाला नेतं आणि दोन तास स्वतःचे किस्से ऐकवतं. तेही ऐका. कुटुंब न्यायालयात किंवा लैंगिक गुन्ह्यांच्या बंद दाराआड चालणाऱ्या सुनावणीत मात्र डोकावायचं नाही.

काय पाहायचं? पहिल्या दिवशी फक्त तारखा मोजा. दोन तासांत किती प्रकरणं पुकारली, किती पुढं ढकलली, कुणाच्या अर्जावरून. मग घरी येऊन दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ उघडा: सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असं तिथं लिहिलं आहे. कायद्यातलं वाक्य आणि व्हरांड्यातलं वास्तव यांच्यामधलं अंतर पहिल्या दिवशीच कळलं की विद्यार्थ्यापुढं दोन वाटा उभ्या राहतात. एक, ‘असंच चालतं’ म्हणून खांदे उडवणं. दुसरी, तहकुबी कोण मागतं, का मागतं, अशील गडचिरोलीहून किंवा काटोलहून किती भाडं खर्चून आलेला असतो, हे मोजणं. वहीत हे लिहा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वकिलाकडे बघण्याऐवजी पक्षकाराकडे बघा. पुकारा झाल्यावर तो कसा उठतो, इंग्रजीत काय चाललंय ते त्याला कळतं का, बाहेर आल्यावर त्याचा वकील त्याला काय सांगतो. मी एकदा एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, “आज काय झालं मावशी?” ती म्हणाली, “काय मालूम बाप्पा, पुढची पेशी भेटली.” तिच्या अर्जावर त्या दिवशी तिच्या बाजूनं आदेश झाला होता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

चौथी पायरी: भाषेची भीती कामाला लावा

विदर्भातल्या तालुक्यांतून आलेली निम्मी मुलं या एका भीतीपायी वर्गात तोंड उघडत नाहीत. मी स्वतः मराठी माध्यमाचा. त्यामुळे गोड बोलून टाळणार नाही: उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे. इंग्रजी लागणारच. पण खालच्या न्यायालयात साक्ष मराठीत होते, फिर्याद मराठीत लिहिलेली असते, पंचनामा मराठीत असतो, आणि तिथं इंग्रजी शाळेतला मुलगा ‘सरतपास’ (आपल्याच साक्षीदाराचा पहिला तपास) आणि ‘फेरतपास’ (उलटतपासानंतरचा पुन्हा तपास) यांत अडखळतो. दोन्ही भाषा चालवता येणारा वकील या शहरात कधी उपाशी राहत नाही.

रोजचा सराव असा. निकालातला एक परिच्छेद घ्या, फक्त एक. तो समजावून घेऊन मराठीत लिहा, जणू आईला सांगताय. दुसऱ्या दिवशी मूळ न पाहता तो पुन्हा इंग्रजीत लिहा आणि ताडून पाहा. सुरुवातीला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे निकाल घ्या. ते आपल्या नागपूरचे, इथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं इंग्रजी साधं, धारदार आणि छोट्या वाक्यांचं. संग्रामसिंह विरुद्ध निवडणूक न्यायाधिकरण या १९५५ च्या निकालात प्रक्रियेच्या नियमांबद्दल ते सांगतात की ते न्याय सुकर करण्यासाठी असतात, माणसाला पायात पाय घालून पाडण्यासाठी नसतात. तुमच्या तारखा मोजलेल्या पानाशेजारी हे उतरवून ठेवा. जाता जाता: सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला आपल्याच विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात शिकवत होते. भिंतीवरच्या फोटोंकडे पाहून ‘ते वेगळे लोक होते’ म्हणणाऱ्यांना मी ही आठवण करून देतो.

कोर्टातले जुने शब्द वेगळ्या पानावर जमवा: वकालतनामा, रोजनामा, कैफियत, नक्कल, दरखास्त, तगादा. त्यांतले काही शब्दकोशात सापडणार नाहीत, कारकुनाला विचारा. कारकून हा पहिल्या वर्षाचा सगळ्यात चांगला प्राध्यापक आहे, आणि त्याला ‘ए भाऊ’ म्हणून हाक मारणाऱ्या विद्यार्थ्याला तो काहीही शिकवत नाही.

एक आणखी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना दंड संहिताच लागते. म्हणजे खून कलम ३०२ मध्येही येतो आणि कलम १०३ मध्येही. पुढची कित्येक वर्षं दोन्ही आकडे तोंडात असायला हवेत. जुने वकील अजून ‘चारशेवीस’च म्हणतात, आणि लोकही.

पाचवी पायरी: नियम वाचा, पण प्रश्न म्हणून

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांच्या सहाव्या भागात वकिलाच्या वर्तनाची मानकं आहेत. न्यायालयाशी, अशिलाशी, विरुद्ध पक्षाशी आणि सहकाऱ्यांशी कसं वागायचं ते. एका बैठकीत वाचून होतात. अडचण अशी की वाचताना सगळं पटतं, त्यामुळे काहीच शिकून होत नाही. म्हणून प्रत्येक नियम एका प्रश्नात बदला आणि चौघं-पाच जण बसून भांडा. दोन-तीन प्रश्न मी देतो.

अशिलानं फी बुडवली. त्याची फाइल अडवून ठेवायची का? बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ‘नाही’ म्हटलं: कागद अशिलाचे, फीसाठी वेगळा दावा करा.

न्यायालयाच्या दारात अशील ओढण्यात गैर काय, धंदाच आहे ना? महाराष्ट्राच्याच बार कौन्सिलनं नेलेल्या दाभोलकर प्रकरणात, १९७५ मध्ये, मुंबईच्या न्यायालयाबाहेर अशिलांवर झडप घालणाऱ्या वकिलांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं कडक शब्द वापरले. जाहिरात करायची नाही, हा नियम ३६ तिथून समजून घ्या. तुमच्या रील्सना तो आज लागू नसेल, पण रील पुसली तरी लोकांच्या फोनमध्ये राहते. तसंच न्यायालयाबाहेर बँड (वकिलाच्या गळ्याची पांढरी पट्टी) आणि गाऊन घालून फिरायचं नाही, असाही नियम आहे. फुटाळा तलावावर मित्राचा गाऊन घालून काढलेला फोटो आधी काढून टाका.

तिसरा प्रश्न जड आहे. सगळं गाव ज्याच्या जिवावर उठलंय, त्याचं वकीलपत्र घ्याल? नागपुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. ऑगस्ट २००४ मध्ये याच शहराच्या जिल्हा न्यायालयात, न्यायालयाच्या खोलीतच, जमावानं एका आरोपीला ठार केलं. त्या वस्तीनं त्याच्या हातून वर्षानुवर्षं काय सोसलं होतं हे ऐकलं की राग समजतो. आणि तरीही ती जागा न्यायालयाची होती. मोहम्मद रफी या दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पुढं स्पष्ट केलं की अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असे बार संघटनांचे ठराव रद्दबातल आहेत. यावर वहीत दोन पानं लिहा. आत्ताचं उत्तर काहीही असो, तारीख टाकून ठेवा.

याच्या जोडीला तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल वाचा. पोलीस ठाण्यात एका मुलीवर झालेल्या बलात्काराच्या या प्रकरणात चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं दोन पोलिसांना निर्दोष सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर चळवळ उभी राहिली, १९८३ मध्ये कायदा बदलला. कायद्याच्या अभ्यासकानं निकालाशी आदरानं आणि ठामपणे कसं भांडावं, याचा धडा मला त्या पत्रात मिळाला. आणि एक बारीक गोष्ट पाहा. त्या मुलीच्या नावानंच ते प्रकरण ओळखलं जातं. पीडितेचं नाव छापायला बंदी त्याच १९८३ च्या दुरुस्तीनं आली. मी इथं ते नाव का लिहिलं नाही, हे आता वेगळं सांगायला नको.

सहावी पायरी: पहिली इंटर्नशिप, आणि तोंड बंद

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्यात १२ आठवडे इंटर्नशिप लागते; एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. पहिल्या वर्षी मोठ्या लॉ फर्मच्या मागं धावू नका. तिथं तुम्हाला झेरॉक्सशिवाय काही मिळणार नाही. खालच्या न्यायालयात रोज उभा राहणारा वकील किंवा एखादी चांगली संस्था निवडा. वेश ठरलेला आहे: पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट; बँड-गाऊन नाही. नागपूरच्या मे महिन्यात काळा कोट म्हणजे काय ते मी सांगायची गरज नाही. पाण्याची बाटली आणि एक जादा शर्ट सोबत ठेवा.

पहिल्या दिवशी ‘मला ड्राफ्टिंग शिकवा’ म्हणू नका. “सर, फाइली लावायचं काम द्या” म्हणा. फाइल लावताना कागदांचा क्रम कळतो, क्रमातून खटला कळतो. नक्कल काढायला पाठवलं तर आनंदानं जा.

चेंबरमध्ये ऐकलेलं चेंबरमध्येच. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ अशिलानं वकिलाला विश्वासात सांगितलेल्या गोष्टींना संरक्षण देतं आणि वकिलाचे कारकून-कर्मचारीही त्या बंधनात येतात. मी इंटर्नला पहिल्याच दिवशी सांगतो: तू स्वतःला त्यांतलाच धर. घटस्फोटाच्या फाइलमधला किस्सा नाव न घेता सांगितला तरी नागपूर एवढं मोठं शहर नाही. इतवारीत कुणीतरी कुणाचा तरी साडू निघतोच.

उरलेलं थोडक्यात

प्रॉक्सी हजेरी लावू नका. उपस्थितीचा नियम सत्तर टक्क्यांचा आहे म्हणून नव्हे. न्यायालयापुढं दिलेलं निवेदन खरं मानलं जातं ते वकिलाच्या शब्दावर, आणि खोट्या सहीची सवय हजेरीपत्रकावरच लागते. मूटचं, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेचं, मेमोरियल (लेखी युक्तिवाद) उचलून छापू नका. शेजारच्या बाकावरचा मुलगा पुढची तीस वर्षं समोरच्या बाजूनं उभा राहणार आहे. त्याच्याशी भांडण असू द्या, पण त्याला दिलेला शब्द पाळा.

घरात कुणी वकील नाही म्हणून घाबरलेल्यांसाठी एक आकडा: २०२४ च्या गौरव कुमार निकालानंतर सनदेची नोंदणी फी सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपयांहून जास्त घेता येत नाही. तोवर काही राज्यांत ती हजारांत जायची. चेंबर नसलेले, ओळख नसलेले बरेच जण या शहरात उभे राहिलेत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पैसा नसतो, हे घरी आत्ताच सांगून ठेवा.

दुसरं सेमिस्टर संपलं की तुमच्या त्या सीएनआर क्रमांकाचं प्रकरण पुन्हा उघडा. वर्षभरात किती पेशी झाल्या, किती साक्षीदार तपासले गेले, ते पहिल्या पानावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. बहुधा ते अजून चालूच असेल. पुढची तारीख वहीत लिहून घ्या आणि त्या दिवशी परत जाऊन मागच्या बाकावर बसा.